घरगुती चलच्चित्रकॅमेरा : चावी, वेग आणि साक्ष

चलच्चित्रांचा इतिहास म्हणजे चित्रगृहें, नामांकित नट आणि मोठमोठ्या कंपन्या यांचाच इतिहास, अशी एक समजूत रूढ आहे. परंतु त्याच्या शेजारींच एक दुसरा, घरगुती इतिहास घडत होता. आणि त्याचा नायक म्हणजे घड्याळाप्रमाणें चावी देऊन चालविण्याचा लहानसा कॅमेरा होय. त्याची हकीकत थोडक्यांत सांगावी, व ज्यांच्या कपाटांत तो अद्याप पडून असेल त्यांना तो कसा हाताळावा हेंही सुचवावें, असा आमचा हेतु आहे.

आरंभींचें चित्रण हें हौशी गृहस्थाच्या आवांक्यांतलें काम नव्हतें. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ मध्यें हँगिंग गार्डनमधील कुस्तीचें चित्र घेतलें, तेव्हां फिल्म धुण्यासाठीं त्यांना ती लंडनला पाठवावी लागली. त्या काळची ३५ मिलिमीटर रुंद फिल्म नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणारी असे. शिवाय मूळ पट्टीवर चित्र उलटें उमटत असल्यामुळें दाखविण्यासाठीं दुसरी प्रत छापावी लागे. म्हणजे खर्च दुप्पट आणि घरांत आगीची धास्ती!

ह्या दोन्ही अडचणी १९२३ मध्यें दूर झाल्या. कोडॅक कंपनीनें १६ मिलिमीटर रुंदीची, ॲसिटेटची सुरक्षित फिल्म बाजारांत आणली. आणि धुण्याच्या विशेष रीतीमुळें कॅमेऱ्यांतून निघालेल्या पट्टीवरच सुलटें चित्र मिळूं लागलें. तरीही तिचा पहिला कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, सेकंदास दोन फेरे या हिशेबानें हातानें फिरवावा लागे. आणि कॅमेरा, प्रक्षेपक, पडदा वगैरे सर्व सरंजामाची किंमत ३३५ डॉलर होती. त्याच वर्षीं बेल अँड हॉवेल कंपनीच्या ‘फिल्मो’ कॅमेऱ्यानें कमानीची चावी आणली आणि चित्रकाराचा हात मोकळा केला.

पुढें १९३२ मध्यें ८ मिलिमीटरची युक्ति निघाली. १६ मिलिमीटर रुंदीचीच २५ फूट फिल्म घ्यावयाची, एका अर्ध्या भागावर चित्रें घेऊन झाल्यावर रिळें बदलून ती पुनः घालावयाची व दुसरा अर्धा भाग वापरावयाचा. धुतल्यावर ती मधोमध चिरून जोडली कीं ५० फूट होई. सेकंदाला १६ चित्रें या गतीनें ती चार मिनिटांहून किंचित् अधिक चाले. तेवढ्याच वेळाला १६ मिलिमीटरची १०० फूट फिल्म लागे. कॅमेऱ्याची किंमतही साडेएकोणतीस डॉलरांपर्यंत उतरली.

आतां यंत्राकडे वळूं. चावीनें कमान घट्ट होते. तिचें बळ दांतेरी चाकांतून एका नखीकडे जातें. नखी फिल्मच्या छिद्रांत शिरून तिला एक चौकट खालीं ओढते, फिल्म क्षणभर स्थिर राहते, आणि फिरती झडप तेवढ्यापुरता प्रकाश आंत सोडते. कमान उतरूं लागली तरी वेग सारखा राहावा म्हणून एक वेगनियामक बसविलेला असतो. बहुतेक सर्व बिघाड ह्याच साखळींत सांपडतात.

चित्र थरथरत असेल तर खिडकीच्या वर-खालीं फिल्मला जी सैल कमान द्यावयाची ती नाहींशी झाली असें समजावें. एखादी निरुपयोगी पट्टी घालून व झांकण उघडें ठेवून कॅमेरा चालविला कीं दोष ताबडतोब दिसतो. कडेला प्रकाशाचे पट्टे उमटले तर फिल्म उन्हांत भरली गेली असावी. ती सावलींतच भरावी. पडद्याच्या कांठावर दोरखंडासारखें कांहीं लोंबत असेल, तर तो खिडकींत अडकलेला केंस असतो. मऊ कुंचल्यानें तो काढावा, धातूची टोंचणी लावूं नये. चित्र फिकें आणि माणसें धांवणारीं दिसलीं, तर कमान मंदावली आहे असें समजावें, कारण वेग घटला कीं प्रत्येक चौकटीवर प्रकाश अधिक वेळ पडतो. म्हणून प्रत्येक दृश्यापूर्वीं चावी पूर्ण द्यावी, आणि कॅमेरा ठेवून देतांना कमान उतरूं द्यावी. चावी मुळींच फिरत नसेल तर जुनें वंगण गोठलेलें असतें. तेथें बळजबरी करूं नये, व दिसेल तेथें तेलही सोडूं नये, कारण तें फिल्मवर उतरतें. कोंकणासारख्या दमट मुलखांत भिंगावर बुरशी धरते, हेंही ध्यानांत ठेवावें.

वेगाची ही बाब क्षुल्लक वाटेल. पण एकदां तिच्यावर एका राष्ट्राचें लक्ष खिळलें होतें. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं डॅलस शहरांत अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, त्या वेळीं एब्राहॅम झाप्रूडर या तयार कपड्यांच्या व्यावसायिकानें चावीच्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्यानें ती घटना टिपली. फिल्म अवघी २६ सेकंदांची, ४८६ चौकटींची. तपास-खात्यानें कॅमेऱ्याची परीक्षा करून त्याचा सरासरी वेग सेकंदाला १८.३ चौकटी असा ठरविला, आणि गोळ्यांमधील अंतराचा हिशेब त्यावरून मांडण्यांत आला. घरच्या करमणुकीसाठीं घेतलेलें यंत्र असें साक्षीदार झालें.

आपल्या कपाटांतल्या फिल्मची साक्ष एवढी मोठी नसेल. पण तींत आजीचें हंसणें असेल, पाडलेला वाडा असेल. ज्या रीतीनें खर्च वांचला त्याच रीतीनें एक जोखीमही आणली : मूळ पट्टी हीच एकमेव प्रत. ॲसिटेट कालांतरानें आंबूं लागतें आणि त्याला शिरक्याचा वास येतो. तो आला कीं विलंब न करतां नक्कल करवून घ्यावी. तसेंच कॅमेरा उघडण्यापूर्वीं फुटांचा आंकडा पाहावा, कारण आंत न धुतलेली फिल्म असूं शकेल. ती १९३५ मध्यें निघालेली कोडाक्रोम असेल, तर मूळ रंग आतां मिळणार नाहींत. कॅन्ससमधील शेवटच्या प्रयोगशाळेनें ३० डिसेंबर २०१० नंतर ती घेण्याचें बंद केलें. तरीही जाणकाराकडून काळें-पांढरें चित्र निघण्याची आशा असते. तेवढ्यासाठीं झांकण उघडण्याची उतावीळ आवरावी, एवढीच आमची विनंती आहे.