चाकाचा घेर व गाडीची चाल

पुण्याच्या बुधवार पेठेचें मूळ नांव मोहियाबाद. औरंगजेबाच्या मुक्कामांत, 1703 सालच्या सुमारास, ती वसली. पुढें पेशवाईंत तिला वाराचें नांव मिळालें. त्या काळीं या पेठेच्या दुकानांत कोंकणांतून व देशावरून जो माल येई, तो बहुतेक बैलांच्या पाठीवरून येई. वंजाऱ्यांचे तांडेच्या तांडे घाट चढून येत. सरदार पालखींत बसत, शिलेदार घोड्यावर. चाक लोकांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. रथ होते, तोफांचे गाडे होते. परंतु चाकाला रस्ता लागतो, आणि रस्ता म्हणण्यासारखा फारसा नव्हताच. मुंबई व पुणें यांमधील बोरघाट चाकांच्या गाड्यांस नीट खुला झाला तो 1830 सालीं, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतांना. पेशवाई बुडून तेव्हां बारा वर्षें झालीं होतीं.

आज त्याच पेठेंतून एखादी बुटकी, रुंद, जमिनीला चिकटल्यासारखी स्पोर्ट्‌स मोटार माणसांच्या गर्दींतून कूर्मगतीनें वाट काढूं लागली, म्हणजे पाहणाराची नजर प्रथम तिच्या चाकांवर जाते. चाकें एवढीं मोठीं कीं, टायर म्हणजे त्यांच्या कडेला लावलेली काळी फीत वाटावी. हीं चाकें शोभेचीं कीं कामाचीं? याचें उत्तर हवें असेल तर चाकाच्या घेराचा इतिहास पाहावा लागतो, आणि तो बैलगाडीपासून पाहणेंच सोयीचें.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दख्खनमधील कुणब्याची गाडी फार ओबडधोबड असे. चाकें भरींव असत. कांहीं ठिकाणीं तर तीं अखंड दगडाचीं असत, अशी नोंद मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतून आढळते. दगडाचें चाक मोठें करावें तर तें बैलांना ओढवत नाहीं, आणि लहान ठेवावें तर तें खड्ड्यांतून निघत नाहीं, अशी दोहोंकडून कोंडी! 1836 च्या सुमारास पैमाश खात्यांतील लेफ्टनंट गेस्फर्ड यानें आजच्या सोलापूर जिल्ह्यांतील टेंभुर्णी येथें सुधारलेल्या गाड्या बनविण्याचा कारखाना चालविला. जमिनीचा सारा ठरविणाऱ्या खात्याला गाडीची काळजी कां वाटावी? धान्य बाजारांत पोंचलें तरच सारा वसूल होतो, हें त्याचें उत्तर. त्यांत परोपकारबुद्धि कितपत होती हें सांगणें कठीण. बैलांचा दुवा मात्र त्या खात्याला खचित मिळाला असेल.

हलकें पण मोठें चाक करावयाचें म्हणजे तें पोकळ केलें पाहिजे. मध्यें तुंबा, तुंब्यांतून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसविलेल्या लांकडी पुठ्या, आणि या सर्वांस बाहेरून आवळणारी लोखंडी धांव. सुतार चाक सिद्ध करी आणि लोहार धांव चढवी. धांव चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान घडवीत. ती गोवऱ्यांच्या जाळांत लाल होईपर्यंत तापवीत, म्हणजे ती फुगून चाकावर बसे. मग वर पाणी ओतलें कीं लोखंड आकसे आणि लांकडाचा सांधा न् सांधा करकचून आवळला जाई. एक खिळा न मारतां साऱ्या चाकाला एकजीव करणारी ही युक्ति. आजचा टायर हा या धांवेचाच वंशज होय. फरक इतकाच कीं, धांव चाकाला आवळी, तर टायर रस्त्याला धरतो.

आतां घेराचें गणित. रस्त्यांत आठ इंच रुंदीचा एक आडवा चर आहे असें समजा. पांच फूट व्यासाचें बैलगाडीचें चाक त्यावरून जातांना चरांत जेमतेम पाव इंच उतरतें. पुण्यांतील घरोघरच्या सायकलीचें अठ्ठावीस इंची चाक अर्ध्या इंचाहून थोडें अधिक उतरतें. आणि 1972 पासून आकुर्डीच्या कारखान्यांतून जी बजाज चेतक बाहेर पडूं लागली, तिचें दहा इंची रिमवरील, टायरसह सुमारें सतरा इंच व्यासाचें चाक चांगलें एक इंच खालीं जातें. नांव राणा प्रतापाच्या घोड्याचें, पण चाकाचा घेर असा! स्कूटरवरून पेठांतले खड्डे चुकवीत गेलेल्या पुणेकरांच्या कमरेला हें गणित पाटीपेन्सिलीवांचून पाठ झालेलें आहे. म्हणजे वाईट रस्त्याला मोठा घेर हेंच उत्तर, असा निष्कर्ष निघतो. मग चाकें लहान झालीं तरी कशीं?

त्याचें श्रेय रबरांत कोंडलेल्या हवेला. रॉबर्ट विल्यम थॉम्सन या स्कॉच गृहस्थानें हवेच्या टायरचें पेटंट 1845 मध्येंच घेतलें होतें; पण त्या वेळीं त्याला गिऱ्हाईक मिळालें नाहीं. सायकलीचा पुढचा हप्ता तर उलट दिशेला गेला. पायटा थेट पुढच्या चाकाला जोडलेला असल्यामुळें एका फेऱ्यांत अधिक अंतर कापावयाचें तर चाकच वाढविलें पाहिजे. म्हणून 1870 नंतर पांच फुटी चाकाच्या उंच सायकली निघाल्या आणि स्वार डोक्यावर आपटूं लागले. 1885 सालीं स्टार्लीच्या ‘रोव्हर’ सायकलीनें साखळी व दातेरी चक्र लोकमान्य केलें, आणि 1888 त डनलॉपनें हवेचा टायर पुन्हा शोधला. एकानें वेगासाठीं मोठ्या चाकाची गरज संपविली, दुसऱ्यानें धक्के सोसण्यासाठीं.

मोटारींनीं हाच वारसा घेतला. आरंभीच्या मोटारींचीं चाकें उंच व टायर अरुंद असत, कारण रस्ते बैलगाड्यांचेच होते. रस्ते सुधारले तशीं चाकें लहान व टायर रुंद होत गेले. 1959 त इंग्लंडांत निघालेल्या ‘मिनी’ गाडीला अवघीं दहा इंची रिमें होतीं. घोडागाडीच्या काळांतला कोणी गृहस्थ तीं पाहून हसला असता. पण याच गाडीनें 1964 सालीं माँटे कार्लोची शर्यत जिंकली. तेव्हां लहान चाक म्हणजे मंद गाडी, असा सरळ हिशेब कोणी मांडूं नये.

मग आज स्पोर्ट्‌स मोटारींचीं रिमें पुन्हा वाढलीं कां? पहिलें कारण दिसण्याचें नसून थांबण्याचें आहे. जितका वेग अधिक तितकी ब्रेकची तबकडी मोठी लागते, आणि ती रिमच्या पोटांतच मावली पाहिजे. दुसरें कारण टायरच्या बाजूच्या भिंतीचें. सुकाणूचें चक्र फिरविलें कीं प्रथम रबर पिळवटतें आणि मग गाडी वळते. भिंत उंच असेल तर हा विलंब अधिक; बुटकी व ताठ असेल तर गाडी हांक मारतांच ओ देते. रुंद टायर जमिनीला टेकतो तो आडवा अधिक व लांबीला कमी, त्यामुळें वळणावर त्याची पकड लवकर लागते. बाराशे किलोच्या गाडीच्या एकेका चाकाचा जमिनीशीं संबंध पोस्टकार्डाएवढाच असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या पोस्टकार्डाच्या आकाराबद्दल एंजिनियर एवढे कां भांडतात तें कळतें.

परंतु प्रत्येक लाभाची किंमत असते. मोठें रिम म्हणजे कडेला अधिक धातु. वजन जितकें आंसापासून दूर, तितकें चाक फिरवावयास व थांबवावयास जड. शिवाय हें वजन स्प्रिंगांच्या खालचें, म्हणून खड्ड्यावरून उडालेलें चाक जमिनीवर परत टेकावयास उशीर लावतें. जें चाक जमिनीवर नाहीं तें कांहींच धरीत नाहीं. उंच भिंतीचा टायर घसरण्यापूर्वीं हळूहळू सूचना देतो. बुटका टायर पुष्कळदां एकदम सोडून देतो. रुंद टायर पावसांत पाण्यावर तरंगूं लागतो, तर अरुंद टायर पाणी कापून जातो. पुण्याच्या आषाढांत ही गोष्ट लहान नव्हे.

मूळचीं चाकें काढून मोठीं बसविण्याची तरुणांना फार हौस असते. त्यांनीं निदान टायरवरील आंकडे वाचावयास शिकावें. 185/60 आर 14 म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेंकडा 60, आणि रिम 14 इंची. एकूण व्यास सुमारें 578 मिलिमीटर. त्याच्या जागीं 205/45 आर 16 घातला तर व्यास होतो 591. फरक दिसावयास क्षुल्लक, पण पहिला टायर धरून बसविलेला वेगदर्शक कांटा 100 दाखवील तेव्हां गाडी 102 च्या वेगानें जात असेल. भिंत मात्र 111 मिलिमीटरांवरून 92 वर आली. खड्ड्याच्या धारेवर रिम आदळण्यापूर्वीं धक्का सोसणारी गादी तेवढीच; तिच्यांतून जवळजवळ पाऊण इंच गेलें. यांत व्यास थोडक्यांत संभाळला आहे. तो संभाळला नाहीं तर टायर मडगार्डाला घासतो, गिअरचें मूळ गणित बिघडतें आणि ब्रेकना अधिक झगडावें लागतें. 2002 सालीं पूर्ण झालेल्या मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावरील सिमेंटच्या रस्त्यावर, भर उन्हांत, हवा कमी असलेला टायर किती तापतो याचा विचार तर दुकानांतील आरशासारख्या चकचकीत रिमकडे पाहतांना क्वचितच कोणाला सुचतो. तेथें सौदा नुसत्या पैशांचा राहत नाहीं.

गंमत अशी कीं, जगांतील अत्यंत वेगवान शर्यतीच्या गाड्या, फॉर्म्युला वनच्या, 2021 पर्यंत नियमानें तेरा इंची रिमांवरच धांवत होत्या. भोंवतीं उंच, फुगीर टायर; त्यांची लवचिक भिंत हीच त्यांच्या स्प्रिंगांचा मोठा भाग होती. 2022 पासून तेथें अठरा इंची रिमें आलीं, आणि मोटारींच्या बांधणीकारांना सर्व स्प्रिंगांचा हिशेब नव्यानें मांडावा लागला. कारण चाक एकटें बदलतां येत नाहीं. टेंभुर्णीच्या कारखान्यांतील सुतारालाही चाक बदलतांना आंस, तुंबा व जूं यांचा मेळ पुन्हा घालावाच लागला असेल. बुधवार पेठेंतील ती बुटकी मोटार पुढच्या गतिरोधकाशीं येऊन थबकते, आणि तिचा मालक तिला तिरकी करून एकेक चाक जपून वर चढवितो. मागून आलेली अठ्ठावीस इंची सायकल तिच्या बाजूनें निघून जाते.