सूर्योदयाचा नियम आणि नवतपा : सायकल मंडळांच्या इतिहासातील उन्हाळा

१/ मे महिन्याच्या अखेरीस विदर्भात नवतपा सुरू होतो. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, घराघरांतून कूलरची घरघर ऐकू येते. नागपूरच्या पश्चिमेला वाडीतून जाणाऱ्या अमरावती मार्गावर मात्र याच दिवसांत पहाटे सायकलींची रांग दिसते. डोक्यावर हेल्मेट, मागे लुकलुकणारा तांबडा दिवा, पाण्याच्या दोन-दोन बाटल्या. ऊन चढण्यापूर्वी ही रांग परतलेली असते. या वेळापत्रकामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

२/ प्रारंभ एका हरवलेल्या उन्हाळ्यापासून करावा लागतो. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि १८१६ हे वर्ष युरोपात ‘उन्हाळ्याविना वर्ष’ ठरले. पिके बुडाली, घोड्यांचा चारा महागला. १२ जून १८१७ रोजी जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल द्राइस याने पायांनी ढकलत चालवायची दुचाकी रस्त्यावर आणली. चाराटंचाई आणि हा शोध यांचा संबंध काही इतिहासकार जोडतात. तो तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. परंतु सायकलच्या जन्मकथेत हवामान पहिल्या पानापासून आहे, एवढे खरे.

३/ मंडळे आली ती अर्ध्या शतकानंतर. लंडनचा पिकविक बायसिकल क्लब १८७० चा. १८७८ मध्ये इंग्लंडातील हॅरोगेट येथे सायकलप्रवाशांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. एकट्या सायकलस्वाराला तेव्हा रस्त्यावर प्रतिष्ठा नव्हती. रस्ते खडबडीत, उतार धोक्याचे आणि खानावळीतले स्वागत बेभरवशाचे. या संघटनेने उतारांवर धोक्याच्या पाट्या लावल्या आणि सभासदांसाठी ठरावीक दराच्या खानावळी निश्चित केल्या.

४/ १८८६ मध्ये इंग्लंडातील सायकल संघटनांच्या पुढाकाराने रस्ते सुधारणेसाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. मोटारगाडी तेव्हा रस्त्यावर यायची होती. चांगल्या रस्त्यांची संघटित मागणी करणाऱ्यांत सायकलस्वार आघाडीवर होते आणि सुधारलेल्या रस्त्यांचा लाभ बैलगाडीपासून पादचाऱ्यापर्यंत सर्वांना मिळाला. हा मुद्दा लक्षात ठेवावा. वाडीच्या चौकात तो पुन्हा भेटणार आहे.

५/ १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याची ‘रोव्हर’ आली. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी असा आजच्या सायकलचा सांगाडा तिने रूढ केला. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर दिला. सायकल सुरक्षित झाली, पुढे स्वस्तही झाली. युरोपात उन्हाळ्यातील रविवार हा सायकलचा वार बनला. हिवाळ्यात बर्फ आणि चिखल, उन्हाळ्यात कोरडे रस्ते आणि लांबलचक दिवस. मंडळांचे कार्यक्रम साहजिकच सूर्याभोवती आखले जाऊ लागले.

६/ या सूर्यभक्तीचा कळस जून १८९७ मध्ये झाला. इटलीतील १२ सायकलस्वारांनी रोम ते नेपल्स हे सुमारे २३० किलोमीटरचे अंतर सूर्योदय ते सूर्यास्त या अवधीत कापण्याचा पण केला. या धाडसाला लॅटिन शब्द लाभला : ‘ऑडॅक्स’, म्हणजे धाडसी. १९०४ मध्ये फ्रेंच पत्रकार आंरी देग्रांज याने त्याच धर्तीवर नियम बांधले. ‘तूर द फ्रान्स’ ही जगप्रसिद्ध शर्यत सुरू करणारा हाच.

७/ त्याच नियमांतून पॅरिसचे ऑडॅक्स मंडळ उभे राहिले आणि १९२१ पासून ‘ब्रेव्हे’ ही पद्धत रुळली. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेले अंतर ठरलेल्या मुदतीत स्वतःच्या बळावर पूर्ण करायचे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. हेच आकडे आज नागपूर, पुणे आणि नाशिकच्या सायकलस्वारांना तोंडपाठ असतात.

८/ आता एक छोटासा हिशेब. जूनमध्ये रोमचा दिवस सव्वापंधरा तासांचा असतो. मेअखेरीस नागपूरचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा. म्हणजे २०० किलोमीटरची संपूर्ण मुदत वापरू पाहणाऱ्या नागपूरकराला उगवत्या सूर्यापासून मावळत्या सूर्यापर्यंत सगळे ऊन अंगावर घ्यावे लागेल. युरोपात सूर्य हा सोबती होता, म्हणून नियमात त्याला मानाचे स्थान मिळाले. विदर्भात मात्र तोच रस्ता अडवून उभा असतो.

९/ परदेशी प्रवाशांना हे लगेच उमगले. अमेरिकन प्रवासी फॅनी बुलक वर्कमन आणि तिचा पती विल्यम यांनी १८९७ च्या अखेरीपासून सायकलवरून हिंदुस्थान पालथा घातला. लेणी, मंदिरे आणि धुळीचे रस्ते यांचे तपशीलवार वर्णन त्यांनी पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. १८९८ चा उन्हाळा आला तेव्हा मात्र त्यांनी मैदान सोडून हिमालय आणि काराकोरमची वाट धरली. साधनसंपन्न प्रवाशाला उन्हाळा टाळता येतो. त्याच रस्त्याच्या कडेला राहणाऱ्याला तो सोसावाच लागतो.

१०/ १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेस निघाले. ते एका वेटलिफ्टिंग क्लबचे सभासद होते. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटरचा प्रवास करून मार्च १९२८ मध्ये परतले. बगदाद ते अलेप्पो ही वाळवंटी वाट त्यांनी २३ दिवसांत पार केली. पारतंत्र्यातील देशाचे तरुण साम्राज्याच्या सीमा ओलांडत स्वतःच्या पायांनी जग मोजत होते. व्यायामशाळेतील हौसेला यामुळे राष्ट्रीय अभिमानाची धार आली.

११/ पण हा विक्रमवीरांचा इतिहास झाला. सामान्यांची सायकल वेगळ्या वाटेने आली. आरंभी ती विलायतेहून येणारी चैनीची वस्तू होती. हळूहळू कारकून, शिक्षक, टपालवाला आणि दूधवाला यांच्या दारात पोहोचली. १९३९ च्या सुमारास मुंबईत ‘हिंद’ सायकलचे उत्पादन सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनीपत, आसनसोल आणि लुधियाना येथे कारखाने निघाले. अनेक नगरपालिका सायकलवर वार्षिक कर घेत आणि हँडलला लावायचा धातूचा बिल्ला देत. रात्री दिवा नसेल किंवा डबल सीट असेल, तर पोलीस दंड करीत.

१२/ नागपुरात या सायकलला कारखान्याचा भोंगा ठाऊक होता. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि शहराला पाळ्यांचे वेळापत्रक मिळाले. पुढे पश्चिमेला अंबाझरीची आयुध निर्माणी उभी राहिली, वाडीच्या परिसरात कामगार वस्ती वाढली, मालवाहतुकीची गोदामे आली. कॅरिअरला जेवणाचा डबा आणि डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, हा इथल्या सायकलस्वाराचा गणवेश. त्याचे कुठल्याही मंडळाच्या वहीत नाव नव्हते. पण नवतप्यात सायकल कशी चालवावी, हे त्याला पक्के ठाऊक होते.

१३/ हे ज्ञान नेमके कोणते? सायकल चालवताना वारा लागतो, घाम वाळतो आणि शरीर थंड होते. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे सुमारे ३५ अंशांहून वर गेले की तोच वारा अंगात उष्णता भरू लागतो. मग केवळ घामाचा आधार उरतो. विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम इतक्या झपाट्याने उडतो की किती पाणी गेले याचा पत्ता लागत नाही. म्हणून डोके-कान झाकणे, ताक, कैरीचे पन्हे, खिशातला कांदा. कांद्याच्या गुणाविषयी शास्त्र साशंक असेल. पाणी आणि मिठाविषयी नाही.

१४/ दिवसातील सर्वांत थंड घटका सूर्योदयाच्या सुमारास असते. उन्हाळ्यातील सकाळच्या शाळा या एकाच निरीक्षणावर उभ्या आहेत. आजच्या सायकल मंडळांनीही तेच स्वीकारले. लांब ब्रेव्हेंचा मुख्य हंगाम थंडीचा. उन्हाळ्यात पहाटे निघून ऊन चढण्याआधी परतणाऱ्या छोट्या फेऱ्या. १८९७ चा नियम सूर्योदयाला प्रारंभ मानतो. नागपूरच्या उन्हाळ्यात सूर्योदय म्हणजे परतीची खूण. नियम पॅरिसचा राहिला, घड्याळ मात्र गिरणी कामगाराचे झाले.

१५/ या उन्हाने काहींना घडवलेही. अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,९०० किलोमीटरची शर्यत ऐन जूनमध्ये असते आणि आरंभीच वाळवंट गाठते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ती पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत पूर्ण केली. पुढच्याच वर्षी त्यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा नऊ हजारांहून अधिक किलोमीटरचा टप्पाही गाठला. त्यानंतर विदर्भात लांब पल्ल्याची सायकल ही परदेशी गोष्ट उरली नाही.

१६/ पुन्हा वाडीकडे. इथून सुटणारा रस्ता बाजारगाव, कोंढाळी, तळेगाव, तिवसा आणि मोझरी अशी गावे घेत अमरावतीला पोहोचतो. अंतर सुमारे १५५ किलोमीटर. हा पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. वाडीत त्याला गोदामांचे ट्रक मिळतात. पहाटे पाच वाजता या रस्त्यावर दोन तऱ्हेच्या सायकली एकमेकींना ओलांडतात : एक गिअरची, हलक्या धातूची, दुसरी काळी, जड, मागे डबा बांधलेली. ट्रकच्या चालकाला अंधारात पहिलीचा दिवा दिसतो. दुसरीला बहुधा दिवा नसतो.

१७/ भाषाही भेद करते. पहिलीवर ‘सायकलपटू’ असतो, दुसरीवर ‘सायकलवाला’. पहिल्याचे सत्कार होतात, दुसऱ्याची मोजणीसुद्धा उशिरा झाली. २०११ च्या जनगणनेत प्रथमच लोक कामावर कसे जातात हे देशभर विचारले गेले. शेती आणि घरगुती उद्योग वगळता अन्य कामांवर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के, म्हणजे अडीच कोटींहून अधिक लोक सायकलने जात होते. मोटारसायकल-स्कूटरवाल्यांहून किंचित अधिक. हंगाम निवडण्याची मुभा त्यांतल्या बहुतेकांना नव्हती. पाळी दुपारची असेल, तर सायकलही दुपारचीच.

१८/ २०२१ मध्ये सायकलस्नेही शहरांसाठीच्या राष्ट्रीय स्पर्धेत निवडलेल्या ११ शहरांत नागपूरचे नाव आले. त्यापूर्वी २०१६ पासून शहरात उष्माघात प्रतिबंधक कृती आराखडा राबवला जात आहे. एका कागदावर सायकल आहे, दुसऱ्यावर ऊन. वाडीच्या रस्त्यावर दोन्ही कागद एकाच माणसाच्या अंगावर एकत्र येतात. त्याला हवे ते मोजके आहे : महामार्गाला लागून सुरक्षित पट्टी, सावली देणारी झाडे, पिण्याचे पाणी आणि चौकात ट्रकआधी सुटण्याची संधी.

१९/ १८८६ चा धडा इथे उपयोगी पडतो. तेव्हाच्या मंडळांनी हौसेतून मिळालेला आवाज रस्त्यासाठी वापरला. ती मागणी सभासदांपुरती राहिली नाही, म्हणूनच ती इतिहासात नोंदली गेली. आजच्या मंडळांकडे संख्या आहे, समाजमाध्यमे आहेत, डॉक्टर-अभियंता सभासद आहेत. कार्यालयात निवेदन दिले तर ते वाचले जाते. काळ्या सायकलवाल्याकडे यांतले काही नाही. त्याच्याकडे रस्त्याचा रोजचा अनुभव आहे. खड्डा कुठे, सावली कुठे, ट्रक कुठे वळतो, हे तो डोळे मिटून सांगेल.

२०/ सायकल मंडळाचा इतिहास बहुधा पदकांच्या आणि किलोमीटरच्या आकड्यांत लिहिला जातो. वाडीच्या उन्हाळ्यापुरता तो वेगळ्या आकड्यांत लिहिता येईल : या वर्षी किती पाणपोया लागल्या, किती झाडे वाचली, किती काळ्या सायकलींना मागचा तांबडा दिवा मिळाला. शंभर-दीडशे रुपयांचा तो दिवा पहाटेच्या रांगेतील प्रत्येकाच्या सायकलला असतो. तो शेजारून जाणाऱ्या सायकलीवरही लागला, तर ‘ऑडॅक्स’ या शब्दाला विदर्भात नवा अर्थ मिळेल.