न्हाण आणि शाळा

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. हिंगोलीचा इतिहास सांगायचा तर निझामाच्या काळातली लष्करी छावणी आणि १९४८ सालची हैदराबादची मुक्ती एवढ्यावर तो आटोपता येतो. पण इतिहास घराच्या मागच्या अंगणातही घडत असतो. आज त्या अंगणातल्या एका गोष्टीविषयी आपल्याशी बोलायचं आहे. मुलींना येणारी पाळी आणि तिच्याविषयी त्यांना आजवर काय सांगण्यात आलं, ही ती गोष्ट. हा विषय पुरुषानं बोलण्याचा नव्हे, असं कुणी म्हणेल. परंतु लग्नाचं वय, शाळेची इमारत, पाण्याची टाकी हे निर्णय बहुतेक पुरुषच करीत आले. तेव्हा कानांवर हात ठेवण्याची सोय आता आपल्याला नाही.

आधी शब्दच पाहा. ‘न्हाण आलं’, ‘शहाणी झाली’, ‘बाहेरची झाली’, ‘कावळा शिवला’. इतके शब्द आहेत, पण शरीरात काय घडलं ते एकही शब्द सांगत नाही. पहिल्या न्हाणाला मखर आणि गोडधोड. पुढच्या महिन्यापासून मात्र कोपरा. लोणच्याला हात लावू नको, पापडावर सावली पाडू नको, देव्हाऱ्याकडे फिरकू नको. नियम तोंडपाठ होते. कारण विचारलं तर उत्तर मिळे, “विचारू नये.”

तरी विचारणारे होतेच. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी या स्रावाकडे शरीराच्या इतर स्रावांसारखंच पाहिलं. आणि ज्यांचं जन्मगाव आपल्याच जिल्ह्यातलं नर्सी मानलं जातं, त्या नामदेवांच्या काळात चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी विटाळाच्या कल्पनेलाच सवाल केला. प्रश्न जुना आहे. लोकांनी तो मनावर घेतला नाही, इतकंच.

विलायतेतले विद्वान फार पुढे होते, असंही समजू नका. घटसर्पाच्या चाचणीमुळे ज्यांचं नाव जगभर झालं, त्या व्हिएन्नाच्या डॉ. बेला शिक यांनी १९२० साली असं प्रतिपादन केलं की पाळीतल्या स्त्रीच्या हातून एक विष बाहेर पडतं आणि त्यानं फुलं कोमेजतात. म्हणजे आपल्या लोणच्याचाच हा युरोपीय भाऊ! पुढे ती कल्पना टिकली नाही. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं, हे जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी दाखवलं तेही १९२० नंतरच्याच दशकात. खरं ज्ञान जेमतेम शंभर वर्षांचं आहे. मग आजीला दोष कशाला द्यायचा? तिला जे मिळालं तेच तिनं पुढे दिलं.

आता मुख्य मुद्दा. वर्गात बसलेली असताना जिला पाळी येते अशी मुलगी आपल्या समाजात अगदी अलीकडची आहे. पूर्वी बहुतेकींचं लग्न न्हाणाआधीच उरकत असे. संमतिवयाच्या कायद्यानं १८९१ साली वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हा धर्म बुडाला म्हणून केवढं वादळ उठलं! १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, निझामाचा मुलूख त्याच्या बाहेर राहिला. अठरा वर्षांची अट आली ती १९७८ मध्ये. लग्न पुढे सरकलं, शाळा गावात आली, आणि जी गोष्ट सासू किंवा आत्या सांगायची ती सांगण्याची जबाबदारी शाळेवर आली. शाळेनं ती अजून पुरती उचललेली नाही.

हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला १९९९ साली. वसमत असो, सेनगाव असो की कळमनुरी, हा कापूस पिकवणारा मुलूख. इथे जुन्या सुती लुगड्याची घडी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. कापड हे काही शत्रू नव्हे. साबणानं स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलं तर ते चांगलं काम देतं. घात करते ती लाज. कुणी पाहू नये म्हणून तो तुकडा दाराआड, दुसऱ्या कपड्याखाली, दमट जागी वाळत पडतो. तिथून खाज सुटते, जंतूंचा त्रास सुरू होतो. पॅड वापरलं तरी ते चार-सहा तासांनी बदलावं लागतं. आणि शाळेत दाराला कडी नसेल, नळाला पाणी नसेल तर मुलगी ते बदलणार कुठे? ती घरी बसते.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. २०११ मध्ये केंद्राच्या योजनेतून आशाताईंमार्फत सहा रुपयांत सहा पॅड मिळू लागले. २०१८ च्या महिला दिनी राज्याची ‘अस्मिता’ योजना आली. तिच्यात जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींसाठी आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांना होतं. त्याच वर्षी पॅडवरचा जीएसटी उठला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात स्वच्छ साधनं वापरणाऱ्या तरुणींचं प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५८ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये तीन-चतुर्थांशाच्या वर गेलं. आकडा समाधानाचा आहे. पण ती मोजणी १५ ते २४ वयाची. बारा वर्षांची सातवीतली मुलगी तिच्यात नाही.

याची किंमत काय, ते बीडनं दाखवलं. २०१९ च्या सरकारी चौकशीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. फडावर पाण्याची सोय नाही, दुखणं अंगावर काढायचं, खाडा झाला तर पैसे कापले जाणार, आणि आपल्या शरीराची माहिती कुणी कधी दिलेली नाही. या साऱ्यांतून ही वाट शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत गेली.

तेव्हा वाचकहो, करायचं ते फार अवघड नाही. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की, पाळी येण्यापूर्वीच, आईनं किंवा बाईंनी तिला सरळ शब्दांत सांगावं. मुलांनाही सांगावं, म्हणजे थट्टा थांबेल. शाळेत कडी, पाणी आणि झाकणाची टोपली असावी. आणि घरी दोरीवर, इतर कपड्यांच्या शेजारी, तो तुकडा उघड उन्हात वाळू द्यावा.