१७. गाबेनबाईंची प्रत

आनेमारी फॉन गाबेन (१९०१–१९९३). प्राचीन तुर्की भाषेच्या जर्मन पंडिता. मूळ अभ्यास चिनीचा; बर्लिनमध्ये विली बांग यांच्या हाताखाली त्या तुर्कीकडे वळल्या. मध्यंतरी अंकारात शिकवून १९४९ पासून निवृत्तीपर्यंत (१९६६) हॅम्बुर्गला अध्यापन. तुर्फानहून बर्लिनला आलेल्या फाटक्या पोथ्यांच्या आधारे रचलेले त्यांचे व्याकरण (१९४१) पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासकांच्या हाती राहिले. येथे अभिप्रेत आहे ते ह्युएनत्संगाच्या चरित्राच्या उइगुर अनुवादाचे त्यांनी १९३५ मध्ये छापलेले संपादन. हा अनुवाद चिनीवरून झालेला. दोन्ही भाषा जाणणाऱ्या गाबेनबाईंनाच हे काम साधावे, यात नवल नाही. मूळ चरित्र हुइली व यानत्सुंग या भिक्षूंचे आहे; ह्युएनत्संगाचे प्रवासवर्णन हा निराळा ग्रंथ. वाचकांनी दोहोंची गल्लत करू नये. — संपा.