निदानाची दोरी : जुन्या मोटारीचे सुकाणू आणि गुलमंडीचा रस्ता

मराठीत ‘निदान’ हा शब्द दोन ठिकाणी राहतो. ‘निदान एवढे तरी करा’ असे म्हणताना तो किमान अपेक्षेचा शब्द असतो, तर वैद्याच्या तोंडी तो रोगाच्या कारणाचा शोध असतो. संस्कृतात त्याचा याहूनही जुना अर्थ आहे : बांधण्याची दोरी, दावे. दोरीपासून कारणापर्यंतचा हा अर्थप्रवास समजण्याजोगा आहे. दाव्याचे एक टोक हाती असले की, दुसऱ्या टोकाला काय बांधले आहे ते हळूहळू मागे जात शोधता येते. लक्षण म्हणजे हाती आलेले टोक. कारण नेहमी दुसऱ्या टोकाला असते.

जुन्या मोटारीच्या स्टेअरिंगचे दुखणे शोधताना ही व्युत्पत्ती अक्षरशः खरी ठरते. एक टोक चालकाच्या हातात, दुसरे रस्त्याला टेकलेल्या रबरात आणि मध्ये सांध्यांची एक साखळी. हातांना जाणवणारी थरथर या साखळीत नेमकी कोठे जन्मली, हे ओळखण्याची एक विद्या आपल्याकडे गेल्या शतकात घडली. तिचा ग्रंथ कोणी लिहिला नाही. आता ज्या गाड्यांवर ती घडली त्या गाड्याच नाहीशा होत आहेत, म्हणून तिचा थोडा इतिहास मांडणे गरजेचे वाटते.

या इतिहासाची सुरुवात कासऱ्यापासून करावी लागेल. आपल्या दोनचाकी बैलगाडीला वळवण्याची वेगळी यंत्रणा लागत नाही. कासरा ओढला की बैल वळतो, जू वळते आणि दोन्ही चाके आखावर आपापल्या गतीने फिरत मागे येतात. प्रश्न चार चाकांचा आहे. युरोपातील जुन्या घोडागाड्यांत पुढचा आख मधल्या खिळ्याभोवती सबंधच्या सबंध फिरे. त्यामुळे तीव्र वळणावर गाडीचा आधार अरुंद होई आणि ती कलंडण्याचा धोका असे. शिवाय वळणाच्या आतले चाक लहान वर्तुळावर चालते आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळावर. म्हणून आतल्या चाकाने अधिक कोनात वळले पाहिजे, नाहीतर एक तरी चाक फरफटत जाणार. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर या गाडी बनवणाऱ्या कारागिराने यावर तोड काढली : आख स्थिर ठेवायचा आणि प्रत्येक चाक स्वतःच्या खिळ्याभोवती वळवायचे. 1818 साली लंडनमध्ये त्याचे पेटंट घेतले गेले ते मात्र त्याचा प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान याच्या नावाने.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव दुसऱ्या संदर्भात भेटलेले असेल. चित्रमय पुस्तकांचा आणि ‘रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स’ या नियतकालिकाचा लंडनमधील प्रकाशक तो हाच. आजही अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके या रचनेला ‘आकरमान स्टेअरिंग’ म्हणतात. कर्तृत्व कारागिराचे आणि नाव प्रकाशकाचे, ही गोष्ट पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना नवी नाही. पुढे 1873 मध्ये फ्रान्सच्या आमेदे बोले याने आपल्या वाफेच्या गाडीत हीच रचना वापरली आणि 1893 मध्ये कार्ल बेन्झ याने ती पेट्रोलच्या चारचाकीत आणली.

आपल्याकडे ही रचना घरोघरी ओळखीची झाली ती मुख्यतः अँबेसेडर आणि फियाट या दोन गाड्यांमुळे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट तयार होऊ लागली, सत्तरच्या दशकात तीच प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली. या गाडीच्या सुकाणूदंडाच्या तळाशी एक पेटी असते. तिच्या आत मळसूत्र फिरते आणि चालकाच्या हाताचे गोल फिरणे एका दांड्याच्या डाव्याउजव्या हालचालीत बदलते. या मांडणीत एक मधली आणि दोन बाजूच्या अशा तीन सळया, त्यांच्या टोकांना गोलसांधे, आणि शेवटी चाक ज्याभोवती वळते तो किंग पिन. प्रत्येक सांध्याला वंगण हवे आणि प्रत्येक सांधा झिजणारा. गाडी नवी असताना या साखळीचे अस्तित्वही जाणवत नाही. जुनी झाली की प्रत्येक कडी बोलू लागते, आणि सगळ्या एकाच वेळी बोलू लागल्या तर कोणाचे ऐकावे हा निदानाचा प्रश्न उभा राहतो.

त्याचे उत्तर काही अंशी रस्ताच देतो. औरंगाबादची, म्हणजे 2023 पासूनच्या छत्रपती संभाजीनगरची, गुलमंडी ही काही गाड्या दुरुस्त करण्याची जागा नव्हे. ती बाजारपेठ आहे. पण पैठण गेटकडून टिळक पथाने सुपारी हनुमानापर्यंत आणि तेथून मछली खडकाच्या बाजूने सिटी चौकाकडे जुनी मोटार नेणे ही सुकाणूची एक परीक्षाच असते. मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेल्या खडकी गावाचा हा जुना भाग माणसांच्या, घोड्यांच्या आणि पालख्यांच्या मापाचा आहे. येथे मोटार पायी चालणाऱ्याच्या वेगाने चालते, आणि नेमक्या त्याच वेगात स्टेअरिंग सर्वांत जड असते, कारण चाके घरंगळण्याऐवजी जागच्या जागी घासत वळतात. टायरमधली हवा कमी असेल, किंग पिन कोरडा पडला असेल, पेटीतले तेल गळून गेले असेल, तर ते गुलमंडीच्या पहिल्याच वळणावर खांद्यांना कळते. तीव्र वळणात चाके किंचाळू लागली तर आकरमानच्या कोनात बिघाड आहे, एखादा हात खड्ड्यात वाकला आहे, असा संशय घ्यावा. याउलट चाकांचा असमतोल येथे कधीच उघडा पडत नाही. त्यासाठी जालना रस्त्याने शहराबाहेर पडून ताशी साठ-सत्तर किलोमीटरचा वेग गाठावा लागतो. मग स्टेअरिंग थरथरू लागते आणि कित्येकदा वेग आणखी वाढला की थरथर विरूनही जाते. म्हणजे दुखणे एकाच गाडीत असले तरी ते कोठे प्रकट व्हायचे हे रस्ता ठरवतो.

आयुर्वेदाने रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत : हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. माधवकराचा प्रसिद्ध ‘माधवनिदान’ हा ग्रंथ याच पंचकाच्या आधाराने उभा आहे. चांगल्या मिस्त्रीची रीत न्याहाळली की, हे पंचक त्याने न वाचताही जसेच्या तसे अंगी बाणवलेले दिसते.

हेतू म्हणजे कारण : खड्डा, अपघात, न घातलेले वंगण, मापाबाहेरचे टायर. म्हणून तो आधी गाडीला हात लावत नाही, मालकाला प्रश्न विचारतो. पूर्वरूप म्हणजे रोगाआधीच्या खुणा. वळण संपल्यावर चक्र आपोआप सरळ होत नाही, सरळ रस्त्यावरही सारखी बारीक दुरुस्ती करावी लागते, गाडी उभी करताना खालून कुरकुर येते. रूप म्हणजे प्रत्यक्ष लक्षण, आणि ती चारच आहेत : जड होणे, सैल होणे, एका बाजूला ओढणे, थरथरणे. यांतील कोणतेही एक लक्षण अनेक कारणांचे अपत्य असू शकते. नवशिका लक्षणावरून थेट सुट्या भागावर उडी मारतो. उस्ताद मध्ये थांबतो.

या थांबण्याचे नाव उपशय. उपाय करून पाहायचा आणि गुण येतो का त्यावरून रोग ठरवायचा. गाडी डावीकडे ओढत असेल तर तो आधी हवा तपासतो, मग पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावतो. ओढ बाजू बदलून उजवीकडे गेली तर दोष टायरचा. डावीकडेच राहिली तर चाकाच्या कोनांकडे किंवा अडकून बसलेल्या ब्रेककडे वळायचे. थोडे अंतर चालवून चाकाच्या तुंब्याजवळ हात नेला की, तापलेला ब्रेक स्वतःच बोलतो. तत्पूर्वी रस्त्यालाही निर्दोष धरायचे नसते. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, आणि आपण डाव्या बाजूने चालत असल्याने निरोगी गाडीही किंचित डावीकडे झुकते.

जडपणासाठी दुसरा उपशय आहे. पुढची चाके जॅकवर उचलून चक्र फिरवायचे. हलके झाले तर हवा, टायर, चाकांचे कोन यांच्याकडे पाहायचे. तरीही जडच राहिले तर पेटीचा दांडा सळ्यांपासून सोडवायचा आणि पुन्हा फिरवायचे. आता हलके झाले तर दोष किंग पिनचा किंवा सांध्यांचा, जड राहिले तर पेटीचा किंवा दंडाचा. सैलपणासाठी एकाने चक्र थोडे थोडे डावीउजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने गाडीखाली पडून एकेक सांधा पाहत जायचा. एक सळई हलते आणि तिला जोडलेली पुढची हलत नाही, तेथे झीज आहे. उचललेले चाक वरखाली धरून हलवले असता ते खुळखुळत असेल तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगायचे. खुळखुळ थांबली तर दोष बेअरिंगचा, राहिली तर किंग पिनचा.

आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून लक्षणापर्यंतची साखळी समजणे. सांध्यावरची रबरी टोपी फाटली, आत धूळ-पाणी गेले, वंगण धुपले, गोळी झिजली, चाकाची दिशा डळमळली, टायर करवतीसारखा झिजला, मग चक्र थरथरले. मालक तक्रार घेऊन येतो ती शेवटच्या कडीची. केवळ टायर बदलला तर काही महिन्यांत नवाही तसाच झिजतो. मिस्त्री टायरवरून तळहात आतबाहेर फिरवतो. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने खरखरीत लागले की, चाकांची तोंडे एकमेकांशी जुळत नाहीत हे त्याला कळते. रबरावरचे ते लिखाण डोळ्यांपेक्षा हाताने अधिक चांगले वाचता येते.

जगभर हे ज्ञान आधी हातांना आले आणि नंतर कागदावर उतरले. 1920 च्या दशकात पुढच्या चाकांना होणाऱ्या अनावर थरथरीला अमेरिकनांनी ‘शिमी’ हे त्या काळच्या एका लोकप्रिय नाचाचे नाव दिले. फ्रेंच अभियंता ब्रुलिए याने 1925 मध्ये टायरच्या बाजूला सरकण्याचा विचार करून तिची उपपत्ती मांडली. आपल्याकडे ‘सुकाणू’ हा खलाशांच्या अरबीतून आलेला शब्द कोशात आणि सरकारी मराठीत राहिला, बोलण्यात ‘स्टेअरिंग’ आले. ‘मिस्त्री’ पोर्तुगीजांकडून आला, ‘उस्ताद’ फारसीतून. मराठी आणि दखनीच्या मिश्र बोलीत हे सारे शब्द गॅरेजांत नांदले, पण मराठी गद्यात त्यांना जागा मिळाली नाही. आम्ही भाषा शिकवणाऱ्यांनी शेतीची, विणकामाची, मातीकामाची परिभाषा गोळा केली. पाना हाती घेतलेल्या माणसाची परिभाषा संकलनायोग्य आहे असे आम्हांला क्वचितच वाटले.

या विद्येत पैशाचा आणि जिवाचाही प्रश्न गुंतलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील 98 वा नियम सांगतो की, चक्रातील मोकळी हालचाल 30 अंशांपेक्षा अधिक असू नये आणि सांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात. 30 अंश म्हणजे घड्याळाच्या तबकडीवर एका आकड्याचे अंतर. पंधरा वर्षे झालेल्या खासगी गाडीची नोंदणी नव्याने करताना तपासणीला सामोरे जावे लागते. तेव्हा सैलपणा लपवण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे पेटीवरचा पेच आवळणे. मळसूत्र मधोमध सर्वाधिक झिजलेले असते, कारण गाडी बहुतेक काळ सरळच चालते. पेच आवळला की मध्यावरचा सैलपणा जातो, पण न झिजलेल्या टोकांशी चक्र अडकू लागते. झिजलेला गोलसांधा तसाच राहतो आणि एखाद्या दिवशी निखळतो. लक्षण बुजवले आणि रोग शाबूत ठेवला, असा हा उपचार आहे.

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली. तिच्या रॅक-पिनियन मांडणीत सांधे कमी होते. (अँबेसेडरमध्ये ही मांडणी आधीपासून होती.) जपानमध्ये 1988 साली सुझुकीने स्टेअरिंगला विजेच्या मोटरची जोड दिली. पद्मिनीचे उत्पादन 2000 च्या सुमारास थांबले आणि 2001 मध्ये औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना सुरू झाला. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस गेली. आजच्या काही गाड्यांत रस्त्याची किंवा टायरची ओढ मोटर स्वतःच भरून काढते, चालकाच्या हातापर्यंत ती पोहोचतच नाही. बिघाड झाला तर संगणक एक सांकेतिक क्रमांक दाखवतो आणि त्यानुसार भाग बदलला जातो. यात सोय आहे, सुरक्षितताही आहे, आणि हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र क्रमांक फक्त यंत्राला मोजता येणारा दोष सांगतो. फाटलेली रबरी टोपी त्याला दिसत नाही. तेथे अजूनही कोणीतरी गाडीखाली पडून दिव्याच्या उजेडात पाहावेच लागते.

लांकेनस्पेर्गरच्या वाट्याला निदान एक तळटीप आली. गुलमंडीच्या परिसरातून जुन्या मोटारी चालत्या ठेवणाऱ्या मिस्त्रींच्या वाट्याला तीही आलेली नाही. एखाद्या विद्यार्थ्याने वही घेऊन त्यांच्यापैकी कोणाशेजारी महिनाभर बसावे आणि तो कोणत्या लक्षणाला काय म्हणतो, कोणत्या क्रमाने शंका घेतो, कोठे थांबतो, एवढे जरी उतरवून घेतले तरी मराठीला एक निदानग्रंथ मिळेल. ती पिढी आता वयस्कर आहे, आणि हे काम फार काळ लांबणीवर टाकता येणारे नाही.