नव्या पाण्याची यात्रा आणि देवीची लस

आषाढात मंगळवारी-शुक्रवारी कोल्हापूरच्या पेठा पी-ढबाक वाद्यांच्या तालावर पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाईच्या टेकडीवर नेतात आणि त्र्यंबोली देवीला वाहतात. पावसाबरोबर रोगराई येते, तेव्हा देवीला आधीच शांत करावं, हा त्यामागचा जुना भाव. अशा मुलखात देवीच्या रोगावरची लस उशिरा रुजली ती लोकांच्या देवभोळेपणामुळे, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते पटत नाही. लोक बिचकले ते मुख्यतः टोचण्याच्या रीतीला.

मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली. हिंदुस्थानात ती यशस्वी झाल्याची ही पहिली नोंद. त्यानंतर कित्येक दशकं लस टिकवली जाई ती लेकरांच्या दंडावरच. एकाला टोचायचं, आठव्या दिवशी फोड भरला की त्यातला द्रव दुसऱ्याच्या दंडात घालायचा. म्हणजे तापानं किरकिरणारं पोर आईनं पुन्हा घेऊन यायचं, त्याचा फोड उकलू द्यायचा, आणि या दुसऱ्या खेपेत तिच्या पोराचा फायदा काहीच नाही. कोणाच्या अंगातलं कोणाच्या अंगात जातंय, हा जातीचा प्रश्न होताच. पण त्यातून भलता रोग लागेल ही धास्तीही होती, आणि ती अडाणी नव्हती. इटलीतल्या रिवाल्टा गावात १८६१ साली याच रीतीमुळे मुलांना उपदंश झाला होता. वासरांच्या अंगावर लस तयार होऊ लागली तेव्हा ही कटकट मिटली. मुंबई इलाख्यासाठी ती बनवणारी संस्था कोल्हापूरच्या शेजारी बेळगावात होती; टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो हे नाव अजून चालतं.

कोणी म्हणेल, लोक लसीकडे वळले ते कायद्याच्या धाकानं. धाकानं काय होतं ते १८९७ साली पुण्यात दिसलं: प्लेगच्या तपासणीला सोजीर घरात घुसले आणि २२ जूनला चाफेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. देवी आल्या की औषध नको, कडुलिंबाचा पाला पुरे, असं लोक मानत हे खरंच. पण तो नेम आजाऱ्यासाठी होता; धडधाकट मुलाला टोचू नये असं त्यातून निघत नाही. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये नोंदला गेला, १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण आलं, आणि त्र्यंबोलीची यात्रा दरवर्षी निघतेच आहे. एकाला जागा देण्यासाठी दुसऱ्याला हटावं लागलं नाही.

मधुमेह-रक्तदाबाच्या बाबतीत आज लोकांनाच दोष देण्याची तीच घाई होते, फक्त देवभोळेपणाच्या जागी जिभेचे चोचले आले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी आणि हडकुळी निघाली, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. मधुमेहाच्या जोखमीचा एक धागा असा पहिल्या घासाच्याही आधी, आईच्या पोटात सुरू होतो. अंगणवाडीतल्या माता-बाल कार्डावर जन्माचं वजन आणि लसींच्या तारखा दोन्ही असतात. पोर शाळेत गेलं की त्यातल्या वजनाकडे कोणी फिरून पाहत नाही.