निजामशाहीतील मृत्यू आणि एक तरुण साक्षीदार

अहमदनगर शहराचे नाव आता अहिल्यानगर असे झाले आहे. ह्या शहराच्या आग्नेयेस कोसभर अंतरावर फराहबाग नावाची एक जुनी इमारत उभी आहे. ती अष्टकोनी व दुमजली असून तिच्या मध्यभागी एक उंच दालन आहे, आणि एके काळी तिच्या सभोवार पाण्याने भरलेले तळे होते. १५८३ साली ही इमारत पुरी झाली व ती पुरी करविण्याचे श्रेय सलाबतखान ह्या कारभाऱ्याकडे जाते. पाण्याने वेढलेल्या ह्या महालात मुर्तझा निजामशाह बुद्धिबळे खेळत बसे. दिल्लीकडील एका गवयास त्याने फत्तेशाह असे नाव दिले होते, व हाच त्याचा सोबती असे. राज्याचा कारभार प्रधानांच्या हाती होता आणि राजाचे दर्शन दरबारी मंडळींनाही दुर्मिळ झाले होते. लोकांनी त्याला 'दिवाणा' म्हणण्यास सुरुवात केली ती उगाच नव्हे.

राजा दिसेनासा झाला म्हणजे त्याच्याविषयीच्या वार्ता वाढतात, आणि अशा राज्यात कोणी मोठा मनुष्य एकाएकी मेला तर त्याच्या मृत्यूचे खरे कारण कधीच बाहेर येत नाही. निजामशाहीच्या उत्तरकाळात असे मृत्यू एकामागून एक घडले. तरीही त्यांपैकी काहींची हकीकत आज आपणांस बरीचशी सुसंगत अशी सांगता येते. ह्याचे कारण, त्या काळी राजवाड्याच्या पहाऱ्यावर असलेला एक परदेशी मुलगा पुढे इतिहासकार झाला. त्याचे नाव महंमद कासिम. इतिहासाचे वाचक त्याला फेरिस्ता ह्या नावाने ओळखतात. त्याने काय पाहिले, काय ऐकले आणि कशाचे केवळ अनुमान केले, ह्याची छाननी करावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. मृतांपैकी काहींवर त्यांच्या हयातीत राजद्रोहाचा आळ आला होता, म्हणून ह्या छाननीला नुसत्या कुतूहलापलीकडे महत्त्व आहे.

पहिला मृत्यू चंगीजखानाचा. हा मुर्तझाचा अत्यंत कर्तबगार प्रधान होता. १५७४ साली वऱ्हाड निजामशाहीस जोडले गेले ते मुख्यत्वे ह्याच्या बुद्धीमुळे. वऱ्हाडानंतर बीदरवर चाल करण्याचा निजामशाहाचा बेत होता व तो गोवळकोंड्याच्या कुतुबशाहास नको होता. म्हणून गोवळकोंड्याच्या वकिलाने चंगीजखानास मोठी रक्कम देऊ केली. खानाने ती नाकारली. तेव्हा वकिलाने राजाच्या मर्जीतील साहिबखान नावाच्या माणसास हाती धरले, आणि त्याने राजाच्या कानी घातले की चंगीजखान वऱ्हाडात स्वतःचे राज्य स्थापू पाहत आहे. राजाने खानाची परीक्षा घेण्याचे ठरविले. आपणांस ह्या मुलखाचा कंटाळा आला आहे, लवकर नगरला परतावे, असे तो म्हणाला. नवीन जिंकलेल्या प्रांताची घडी बसेपर्यंत काही महिने येथेच राहावे, असा सल्ला खानाने दिला. सल्ला प्रामाणिक होता, पण संशयी मनाला त्यात बंडाचा वास आला. खान आजारी म्हणून घरी राहिला असता राजाने त्याच्याकडे हकिमाच्या हाती औषध म्हणून विष पाठविले. ते विष आहे हे ओळखूनच खानाने ते घेतले, आणि मरण्यापूर्वी आपली निष्ठा कळविणारे पत्र राजास लिहिले. सत्य कळल्यावर राजास पश्चात्ताप झाला आणि त्याच्या एकांतवासाचा आरंभ तेथून झाला, असे फेरिस्ता सांगतो.

ही कथा हृदयद्रावक आहे; परंतु ती घडली तेव्हा फेरिस्ता नगरात नव्हता. त्याने ती पुढे दरबारात वावरताना जाणत्या लोकांच्या तोंडून ऐकली असली पाहिजे. तिच्यातील परीक्षेचा प्रसंग, साहिबखानाची कुजबुज व वकिलाची लाच ह्या गोष्टी बंद दाराआड घडलेल्या आहेत. त्या ऐकीव म्हणूनच स्वीकारल्या पाहिजेत. तथापि तिचा कणा दोन उघड गोष्टींवर उभा आहे. ज्याने राज्याचा विस्तार केला तो प्रधान त्या विजयानंतर लवकरच मेला, ही एक. आणि त्यानंतर राजा जनसंपर्कातून निवृत्त झाला, ही दुसरी. खानाचे निरपराधित्व ज्याला मान्य नसेल त्याला ह्या दोहोंचा दुसरा उलगडा द्यावा लागेल, आणि तो देणे सोपे नाही.

आता ह्या साक्षीदाराची ओळख करून घेऊ. फेरिस्ता हा इराणातील, कास्पियन समुद्राजवळच्या अस्तराबादचा. त्याचा बाप गुलाम अली हिंदुशाह हा विद्वान गृहस्थ मुर्तझाच्या अमदानीत नगरास आला, आणि राजपुत्र मीरान हुसेन ह्यास फारसी शिकविण्याच्या कामी त्याची नेमणूक झाली. बाप लवकरच वारला, परंतु राजपुत्राबरोबर एकत्र शिकल्याची ओळख मुलाजवळ राहिली. फेरिस्त्याच्या ग्रंथाचे १८२९ साली इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणाऱ्या जॉन ब्रिग्जने त्याचा जन्म १५७०च्या सुमाराचा धरला आहे. हा हिशेब खरा मानल्यास पुढील भीषण प्रसंगी त्याचे वय सतरा-अठरा वर्षांचे होते. दुसरे काही विद्वान त्याचा जन्म दहा वर्षे किंवा त्याहूनही मागे नेतात. परंतु राजपुत्राशी असलेल्या सहाध्यायाच्या नात्याकडे पाहता ब्रिग्जचे मत मला अधिक ग्राह्य वाटते. कारण मीरान हुसेन हा मेला तेव्हा अवघा सोळा-सतरा वर्षांचा होता.

मुर्तझाचे मन शेवटी आपल्या मुलाविषयीही कलुषित झाले. त्याने मीरान हुसेनास आपल्याजवळ आणवून एका खोलीत ठेवले व त्याच्या बिछान्याला आग लावविली. मुलगा कसाबसा वाचला आणि त्यास गुप्तपणे दौलताबादेस पोचविण्यात आले. सलाबतखानासारखा एकनिष्ठ कारभारी त्या वेळी राजाच्याच हुकुमाने कैदेत होता. त्याच्या ठिकाणी पुढे आलेल्या मिर्झाखानाने राजपुत्रास गादीवर बसविण्याचा कट रचला, आणि त्याला निमित्त हवे म्हणून विजापूरचा कारभारी दिलावरखान ह्याच्याशी संधान बांधून विजापूरची फौज सरहद्दीवर आणविली. नगरचे सैन्य तिला तोंड देण्यासाठी म्हणून शहराबाहेर पडले आणि वाटेतच तळ देऊन बसले.

सैन्य पुढे का सरकत नाही, ह्याचा तपास करण्यासाठी राजाने ज्या माणसास पाठविले तो पहाऱ्यावरील तुकडीचा नायक असलेला हा तरुण फेरिस्ता होय. हा मुलगा राजाचा पक्ष सोडणार नाही हे मिर्झाखान जाणून होता, म्हणून तोही पाठोपाठ तळावर गेला आणि सरदारांना त्याने फितविले. फेरिस्त्यास पकडण्याचा त्याचा विचार होता. पण ह्याला वेळीच सुगावा लागून तो तेथून निसटला आणि नगरास येऊन त्याने राजास सर्व वृत्तान्त सांगितला. राजाने उपाय विचारला तेव्हा त्याने दोन मार्ग सुचविले. राजाने स्वतः एकांत सोडून लोकांपुढे यावे, म्हणजे फितलेले सैन्य त्याला पाहून परत फिरेल; अथवा सलाबतखानास मुक्त करून त्याच्या हाती सूत्रे द्यावी. पहिल्या मार्गास राजाची प्रकृती आड आली आणि दुसऱ्यास फत्तेशाहाने मोडता घातला. बाहेर पडताच पहारेकरीच आपणांस मुलाच्या स्वाधीन करतील, ही भीती राजाच्या मनात भरली आणि तो जागचा हलला नाही.

१५८८ साली मीरान हुसेन व मिर्झाखान दौलताबादेहून येऊन नगरच्या किल्ल्यात शिरले, आणि वाटेत जो भेटेल त्याला त्यांच्या लोकांनी कापून काढले. फेरिस्ताही त्यांच्या हाती सापडला. परंतु राजपुत्राने आपला जुना सहाध्यायी ओळखला व त्याला मारू नये म्हणून सांगितले. मग मुलगा बापासमोर गेला. त्याने तरवार रोखली, पण बापाचे शब्द ऐकून क्षणभर त्याचे मन द्रवले. तो क्षण टिकला नाही. मुर्तझास हमामखान्यात कोंडण्यात आले, दारेखिडक्या बंद करण्यात आल्या आणि खाली मोठा जाळ करण्यात आला. राजा गुदमरून मेला.

ह्या साक्षीचे मोल ठरविताना तिचे तीन भाग पाडले पाहिजेत. सैन्याच्या तळावरील फितुरी, राजाशी झालेले बोलणे आणि किल्ल्यातील कत्तल ही फेरिस्त्याने प्रत्यक्ष पाहिली. बापलेकांमधील संभाषण त्याने कोणाकडून तरी ऐकले असावे. ज्याचा जीव नुकताच वाचला आहे तो राजपुत्राच्या मागोमाग आतील दालनात गेला असेल हे संभवत नाही. मिर्झाखान व दिलावरखान ह्यांच्यातील पत्रव्यवहार हे बहुधा मागाहून मिळालेल्या बातम्यांवरून केलेले अनुमान. तिन्ही भाग तो एकाच ठाम स्वरात सांगतो, आणि म्हणून वाचकाला सावध राहावे लागते. शिवाय बापाचा घात करणाऱ्यास राज्य फार काळ लाभत नाही, हा नीतिबोधही तो ह्या प्रसंगी गोवतो. असा बोध आधी मनात असला म्हणजे कथेतील काही बारकावे त्याला जुळतील असे लिहिले जाण्याचा संभव असतोच. आपण दिलेला सल्ला राजाने ऐकला असता तर राज्य वाचले असते, असा सूरही त्यात आहे. आणि स्वतःच्या शहाणपणाची साक्ष स्वतःच देणाऱ्यावर कोणते न्यायालय डोळे मिटून विश्वास ठेवील?

परंतु दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. ज्याने आपला जीव वाचविला त्याच मीरान हुसेनाचा अपराध फेरिस्त्याने झाकला नाही. हमामखान्यातील मृत्यू आजाराचा म्हणून खपविणे त्याला अवघड नव्हते. दुसरे असे की, त्याने हा ग्रंथ विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या आश्रयाने लिहून १६०६-७च्या सुमारास सादर केला. त्याला विजापूरच्या दरबारात प्रथम प्रवेश मिळवून देणारा गृहस्थ तर दिलावरखानच होता. तरीही कटातील दिलावरखानाचा हात त्याने उघड लिहून ठेवला. दिलावरखान तोपर्यंत पदच्युत झालेला होता आणि त्यामुळे हे लिहिणे निर्भय झाले होते, हे खरे. पण उपकारकर्त्याविषयी गप्प बसण्यासही काही अडचण नव्हती. ज्या साक्षीने साक्षीदाराचा लाभ होत नाही ती अधिक ग्राह्य, हा न्यायाचा साधा नियम येथे फेरिस्त्याच्या बाजूने उभा राहतो.

पुढील घटना त्वरेने घडल्या. मीरान हुसेन वर्षभरही राज्य करू शकला नाही. मिर्झाखानाशी त्याचे बिनसले व खानाने त्यालाच कैद केले. जमालखानाच्या नेतृत्वाखाली दक्षिणी लोकांनी किल्ल्यास वेढा घालून राजास दाखवा असा आग्रह धरला, तेव्हा १५८९ साली मिर्झाखानाने त्या पोराचे डोके कापून बुरुजावर दाखविले. त्यानंतर नगरात परदेशीयांची भयंकर कत्तल झाली. पळून गेलेला मिर्झाखानही पकडला जाऊन मारला गेला. फेरिस्ता स्वतः परदेशी व शिया. तो ह्या वणव्यातून वाचून त्याच वर्षाच्या अखेरीस विजापुरास पोचला. विशीदेखील न गाठलेल्या ह्या मुलाने एका राजाचा, त्याच्या मुलाचा आणि स्वतःच्या जातभाईंचा अंत इतक्या अवधीत पाहिला होता.

नगरच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध संशयित मृत्यू मात्र त्याच्या डोळ्यांसमोर घडला नाही. १६०० साली मोगलांचा वेढा पडला असता चांदबिबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली. ती शत्रूला मिळाली आहे, असा गवगवा करून जमाव तिच्या महालात घुसला, असे फेरिस्ता लिहितो. लोकांत दुसरी कथा चालते: तिने तेजाबाच्या विहिरीत उडी घेतली. दुसरी कथा राणीला शोभणारी आहे, आणि तिने नगरकरांना एका लाजिरवाण्या आठवणीतून सोडविले आहे. आत्मबलिदान केलेल्या राणीची पूजा करता येते. खोट्या संशयावरून स्वजनांनी मारलेल्या राणीपुढे मान खाली घालावी लागते. चंगीजखानाला ज्या विषाने मारले तेच विष येथेही होते. त्या वेळी ते एका राजाच्या कानात ओतले गेले, ह्या वेळी साऱ्या शहराच्या.

शहराच्या पूर्वेस शाह डोंगरावर जी अष्टकोनी तिमजली इमारत दिसते तिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती १५८९ साली वारलेल्या सलाबतखानाची कबर आहे. राजाने कैदेत टाकले असता ज्याने बंड केले नाही, ज्याने फराहबाग पुरी करविली व भातोडीचा तलाव बांधला, त्याच्या थडग्यावरूनही त्याचे नाव पुसले गेले. अशा वेळी फेरिस्त्यासारख्याच्या लेखणीचे ऋण ध्यानात येते. तो निर्दोष साक्षीदार नव्हता; त्याची जबानी उलटतपासणीशिवाय घेता येत नाही. पण मारले गेलेल्यांपैकी निष्ठावंत कोण आणि फितूर कोण, हे विचारण्याची तसदी त्याने घेतली, आणि त्याचे उत्तर मारणाऱ्यांच्या सांगण्यावर सोडले नाही. नगरास जाणाऱ्याने तो डोंगर चढावा व त्या इमारतीला तिच्या खऱ्या धन्याच्या नावाने ओळखावे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या निष्ठावंताला तेवढा न्याय देणे आजही आपल्या हाती आहे.